कीर्द, खतावणी आणि लॉगर : नोंदीला नाव देण्याचा इतिहास

#धागा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी आधी होडीत बसे, खाडीतून पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून बोरघाटाची वाट धरी. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा पनवेलची वर्दळ आणखी वाढली. पुढे १८६३ मध्ये आगगाडी कर्जतच्या बाजूने घाट चढली आणि हे बंदर हळूहळू मागे पडले.

बंदर म्हटले की वही आलीच. कोणते गलबत लागले, त्यात माल काय होता, जकात किती बसली, हे कोणीतरी लिहून ठेवल्यावाचून बंदर चालत नाही. २०२० साली याच पनवेलमध्ये ‘योट्टा एनएम१’ हे डेटा सेंटर सुरू झाले. ७,२०० रॅक मावतील एवढी त्याची क्षमता सांगितली जाते. हेही एक बंदरच म्हणावयाचे. फक्त येथे आवकजावक होते ती माहितीची. अशा इमारतींतल्या सर्व्हरांवर चालणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस स्वतःच्या कामाची वही लिहीत असतात. त्या वहीला ‘लॉग’ म्हणतात.

एखादा मोठा प्रोग्रॅम एका सेकंदात हजारो पावले टाकतो. प्रत्येक पाऊल लिहिले तर वही इतकी फुगेल की कामाची ओळ सापडणार नाही; काहीच लिहिले नाही तर बिघाडाच्या रात्री हाती काही लागणार नाही. मग काय लिहावे आणि काय गाळावे, हे कोण ठरवते? जावा भाषेने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे नाव असलेले लॉगर. हा धागा त्या उत्तराचा आहे. मात्र उत्तराकडे जाण्यासाठी समुद्रावरून आणि मग पेशव्यांच्या दफ्तरातून जावे लागेल.

‘लॉग’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ओंडका. जहाजाचा वेग मोजण्यासाठी खलाशी लाकडाचा तुकडा दोरीला बांधून समुद्रात सोडत. दोरीवर ठरावीक अंतराने गाठी मारलेल्या असत. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या, त्यावरून वेग कळे. विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाने १५७४ मध्ये छापलेल्या पुस्तकात या साधनाचे वर्णन आढळते. जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींमध्ये, सांगितला जातो तो यामुळेच. ओंडक्याचे आकडे ज्या वहीत उतरवले जात ती लॉगबुक.

पण हे आकडे थेट वहीत जात नसत. आधी ते खडूने एका फळ्यावर लिहिले जात. वेग, दिशा, वारा अशा नोंदी फळ्यावर साठत, मग त्यांतील ठेवण्याजोगे वहीत उतरे आणि फळा पुसला जाई. म्हणजे जहाजावरच्या लॉगला जन्मापासून चाळणी होती. फळ्यावर पुष्कळ, वहीत निवडक. पुसलेल्या फळ्याची प्रत जगात कोठेही नाही.

ठेवण्याजोगे काय, हे त्या काळचा अधिकारी आपल्या गरजेप्रमाणे ठरवी. ईस्ट इंडिया कंपनीच्या काही जहाजांवर मात्र १७८९ ते १८३४ या काळात हवेचा दाब आणि तापमानही नेमाने वहीत उतरवले गेले. जहाज मुंबईला किंवा कलकत्त्याला पोहोचल्यावर त्या आकड्यांचा तसा काही उपयोग उरत नव्हता. दोनशे वर्षांनी हवामानशास्त्रज्ञांनी सुमारे ९०० वह्यांतले हेच आकडे संगणकावर आणले, कारण समुद्रावरील जुन्या हवामानाचा इतका चांगला पुरावा दुसरीकडे नव्हता. कप्तानाच्या दृष्टीने किरकोळ असलेली नोंदच इतिहासाच्या कामी आली. हे उदाहरण पुढे पुन्हा आठवावे लागेल.

आता आपल्याकडचे दफ्तर. मराठी हिशेबात दोन वह्या मुख्य. कीर्द ही दिवसाची वही : जे जसे घडले तसे, ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहायचे. खतावणी ही खात्यांची वही : कीर्दीतील प्रत्येक रक्कम ज्या त्या खात्याच्या नावाखाली पुन्हा मांडायची. कीर्द विचारते, ‘कधी?’ खतावणी विचारते, ‘कोणाचे?’ व्यापाऱ्याच्या पेढीवर कच्ची कीर्द आणि पक्की कीर्द असाही भेद असे. जहाजावरचा फळा आणि वही यांचे हे सख्खे भावंड.

‘खाते’ हा शब्द येथे नीट पाहण्यासारखा आहे. मराठी राज्यकारभारात पीलखाना, जवाहिरखाना, दारूखाना, मुदबखखाना असे कारखाने मोजले जात आणि प्रत्येकाचा जमाखर्च वेगळा ठेवला जाई. गावाचा कागद असेल तर वर ‘मौजे अमुक, तर्फ अमुक, प्रांत अमुक’ अशी पायऱ्यापायऱ्यांची ओळख येई. त्यामुळे हत्तींच्या खर्चाची चौकशी करणाऱ्याला स्वयंपाकघराचे कागद उलगडावे लागत नसत. नोंदीवर नाव आहे, म्हणून हवी तेवढीच नोंद काढता येते. नाव नसते तर दोनच पर्याय उरले असते : सगळे वाचा, किंवा काहीच वाचू नका.

संगणकाच्या पहिल्या पिढ्यांत नेमकी हीच पंचाईत होती. प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य अडला की एखादी ओळ पडद्यावर छापून पाही : ‘येथवर आलो’, ‘रक्कम शून्य आली’. काम झाले की त्या ओळी काढून टाकी. पुन्हा अडला की पुन्हा घाली. ही निनावी कच्ची कीर्द. जावा शिकणारे विद्यार्थी आजही ‘सिस्टम.आउट.प्रिंटएलएन’ लिहून हेच करतात, आणि लहान प्रोग्रॅमसाठी त्यात काही वावगे नाही. दोनशे वर्ग आणि दहा बाहेरच्या लायब्रऱ्या एकत्र आल्या की मात्र सगळ्यांचे आवाज एका पडद्यावर मिसळतात.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ या टपाल-प्रोग्रॅमसोबत ‘सिसलॉग’ तयार केला. त्यात दोन कल्पना होत्या. एक, नोंदीची तीव्रता : ‘इमर्जन्सी’पासून ‘डीबग’पर्यंत आठ पायऱ्या. दोन, नोंद कोणत्या विभागाची : टपाल, सुरक्षा, छपाई इत्यादी. म्हणजे खाती आली. पण ती मोजकी आणि आधीच ठरवलेली. पुढे प्रमाणित झालेल्या यादीत ती २४ आहेत. आपल्या प्रोग्रॅमच्या पोटात स्वतःची शंभर खाती उघडावी, त्यांखाली पोटखाती काढावी, ही सोय त्यात नव्हती.

ती सोय युरोपात आली. १९९६ च्या सुरुवातीस ‘सेंपर’ या युरोपीय संघाच्या प्रकल्पाने, ज्याचा विषय सुरक्षित इलेक्ट्रॉनिक बाजारपेठ हा होता, स्वतःची नोंदयंत्रणा लिहावयास घेतली. आयबीएमच्या झुरिक येथील प्रयोगशाळेत काम करणारे जेकी ग्युल्जू यांच्या हातून ती वाढत गेली आणि २००१ मध्ये ‘लॉगफोरजे’ची १.० आवृत्ती बाहेर पडली. तिच्या माहितीपुस्तिकेत एन. असोकन या संशोधकांचे आभार मानताना, मूळ कल्पनेच्या जनकांपैकी ते एक आहेत, असे म्हटले आहे.

ती मूळ कल्पना ज्या शब्दाने ओळखली जाई, तो शब्द मराठी वाचकाला खुणावेल. सुरुवातीच्या आवृत्त्यांत ‘लॉगर’ हा शब्द नव्हताच. त्या वस्तूला ‘कॅटेगरी’ म्हणत. वर्ग, प्रकार, आपल्या भाषेत सरळ ‘खाते’. १.२ या आवृत्तीत ‘कॅटेगरी’चे ‘लॉगर’ झाले आणि ‘प्रायॉरिटी’चे ‘लेव्हल’, म्हणजे पातळी. जुना शब्द अधिक चांगला होता, असे म्हणावेसे वाटते. ‘लॉगर’ म्हटले की लिहिणारा डोळ्यांसमोर येतो. पण खरे काम लिहिण्याचे नाही, नावाखाली वर्गवारी करण्याचे आहे.

आता यंत्रणा. समजा, पनवेलहून सुटणाऱ्या एस.टी. गाड्यांची आसने राखून ठेवणारा एक काल्पनिक जावा प्रोग्रॅम आहे. त्यात लॉगरांची नावे अशी :

एसटी.आरक्षण.आसने
एसटी.आरक्षण.पैसे
एसटी.वेळापत्रक

(जावात नावे देवनागरीत देता येतात काय? येतात. लॉगरचे नाव ही केवळ अक्षरांची माळ असते. आणि जावाने पहिल्यापासून युनिकोड स्वीकारल्यामुळे वर्गांची नावेही देवनागरीत चालतात. चाल पडली नाही, एवढेच.)

या नावांतला टिंब महत्त्वाचा. टिंबाने वंशावळ ठरते. ‘एसटी.आरक्षण.पैसे’ हे ‘एसटी.आरक्षण’चे अपत्य, ते ‘एसटी’चे, आणि सगळ्यांच्या वर एक निनावी आद्यपुरुष : मूळ लॉगर. मौजे, तर्फ, प्रांत हीच ही उतरंड, फक्त दिशा उलट. आपल्या कागदात लहान आधी आणि मोठे नंतर, जावात मोठे आधी आणि लहान नंतर. नुसते अक्षरसाम्य मात्र उपयोगाचे नाही. ‘एसटी.आरक्षणपत्र’ नावाचा लॉगर ‘एसटी.आरक्षण’च्या कुळात येत नाही, कारण मध्ये टिंब नाही.

दुसरी गोष्ट पातळीची. प्रत्येक नोंद लिहिताना प्रोग्रॅमर तिला दर्जा देतो. लॉगफोरजेच्या परंपरेत खालून वर हा क्रम आहे : ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर, फेटल. ट्रेस म्हणजे बारीकसारीक पाऊल, फेटल म्हणजे आता प्रोग्रॅम तग धरत नाही. आणि एका वेगळ्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, प्रोग्रॅमला हात न लावता, कोणत्या नावाखाली कोठून वरच्या नोंदी घ्यायच्या ते ठरते :

मूळ = वॉर्न
एसटी = इन्फो
एसटी.आरक्षण.पैसे = डीबग
ऑर्ग.हायबरनेट = एरर

चार ओळी. पण त्यांनी सगळ्या राज्याचा कारभार ठरतो. ‘एसटी.आरक्षण.आसने’ या लॉगरचा येथे उल्लेख नाही. म्हणून तो वर पाहतो. बाप ‘एसटी.आरक्षण’, त्याचाही उल्लेख नाही. आजा ‘एसटी’, तेथे इन्फो सापडले, तेच वारशाने आले. ‘एसटी.आरक्षण.पैसे.परतावा’ असा नवा लॉगर उद्या कोणी काढला, तर त्याला आपोआप डीबग लागू होईल. आणि ज्या लायब्ररीचे नाव कोणाच्या ध्यानीमनीही नाही, ती मूळ लॉगरच्या वॉर्नवर थांबेल. शेजारच्या खात्याला धक्का न लावता एका खात्याची चौकशी बारकाईने चालवता येते. निव्वळ पातळी असती, नावे नसती, तर पैशांचा एक घोळ शोधण्यासाठी सगळ्या प्रोग्रॅमला डीबगवर बोलते करावे लागले असते.

हायबरनेटची ओळ मुद्दाम घातली आहे. ही जावा आणि डेटाबेस यांच्यामधली प्रसिद्ध लायब्ररी. ‘ऑर्ग.हायबरनेट.एसक्यूएल’ हा तिचा लॉगर डीबगवर आणला की डेटाबेसला पाठवलेली प्रत्येक आज्ञा लॉगमध्ये उमटते. दुखणे शोधताना हे अमृत, आणि रोजच्या कारभारात नुसता चिखल. एकाच खात्याचे हे दोन चेहरे आहेत, म्हणून पातळी प्रोग्रॅमच्या पोटात न ठेवता बाहेर फाइलीत ठेवली. ‘लॉगबॅक’ या नंतरच्या लायब्ररीत तर सांगितल्यास ही फाइल अधूनमधून पुन्हा तपासली जाते. चालता प्रोग्रॅम न थांबवता चाळणीचे भोक बदलते.

आता जेथे नवशिके हमखास अडतात ती जागा. चाळणी एक नसते, दोन असतात. लॉगरने स्वीकारलेली नोंद जिथे जायची ते ठिकाण, म्हणजे पडदा, फाइल, दुसरा सर्व्हर, यालाही स्वतःची पातळी असू शकते. लॉगफोरजेत या ठिकाणाला ‘अपेंडर’ म्हणतात. जावाने २००२ मध्ये १.४ या आवृत्तीसोबत स्वतःची नोंदयंत्रणा आणली, तीत त्याला ‘हँडलर’ म्हणतात. या दुसऱ्या यंत्रणेत पातळ्यांची नावेही निराळी : सिव्हिअर, वॉर्निंग, इन्फो, कॉन्फिग, फाइन, फायनर, फायनेस्ट. लॉगरला ‘फाइन’ सांगितले, तरी पडद्यावर काहीच उमटत नाही. का? पडद्याचा हँडलर मुळातच ‘इन्फो’वर बसलेला असतो. आतल्या कारकुनाने कागद घेतला आणि दाराच्या पहारेकऱ्याने अडवला. दोघांनाही सांगावे लागते.

याच्या उलट एक गंमत आहे, आणि ती उतरंडीची खरी परीक्षा आहे. स्वीकारलेली नोंद आपल्या लॉगरच्या अपेंडरकडे जाते, मग बापाच्या, मग आजाच्या, थेट मूळ लॉगरपर्यंत. वर जाताना बापाची पातळी पुन्हा विचारली जात नाही. वरच्या उदाहरणात ‘पैसे’ खात्याची डीबग नोंद मूळ लॉगरच्या फाइलीत जाऊन बसते, मूळ लॉगर स्वतः वॉर्नवर असला तरीही. गावच्या कुलकर्ण्याने कागद वहीत घेतला की प्रांताचा कारकून तो नाकारत नाही. अडवलाच तर दारावरचा पहारेकरी अडवतो. हे ठाऊक नसले की एकच ओळ दोनदा उमटलेली दिसते आणि मनुष्य तासभर डोके धरून बसतो. हे वर जाणे बंद करण्याचीही सोय आहे.

जावाच्या स्वतःच्या यंत्रणेत आणखी एक खोड आहे. ती नावाच्या लॉगरला घट्ट धरून ठेवत नाही. प्रोग्रॅममध्ये कोणी त्याचा संदर्भ जपला नसेल, तर मोकळी जागा गोळा करणारी व्यवस्था त्या लॉगरला उचलून नेते आणि प्रोग्रॅममधून त्याला दिलेली पातळीही त्याच्याबरोबर जाते. पुढच्या वेळी त्याच नावाने हाक मारली तर नवा, कोरा लॉगर उभा राहतो. ‘लॉगर एका स्थिर चलात धरून ठेवावा’ हा नेम केवळ नीटनेटकेपणासाठी नाही.

लॉगफोरजे असताना जावाने वेगळी यंत्रणा का काढली, यावर त्या वेळी बराच वाद झाला. ग्युल्जू यांनी जाहीर विरोध केला. निष्पत्ती अशी की एका भाषेत अनेक दफ्तरे झाली. मग त्यांना जोडणारा पूल म्हणून ग्युल्जू यांनीच ‘एसएलएफफोरजे’ आणि त्यामागोमाग ‘लॉगबॅक’ लिहिले. पुढे २०१४ मध्ये ‘लॉगफोरजे २’ आले. सवतेसुभ्यांचा इतिहास वाचलेल्यांना यात नवल वाटू नये. विशेष हे की नावांची उतरंड मात्र कोणीही टाकली नाही; सगळ्यांनी टिंबाचीच वंशावळ पत्करली.

येथवर चाळणी ही सोय वाटते. ती सोय कधी थांबते, हे पाहण्यासाठी दोन घटना पुरेत.

३ मे २०१८ रोजी ‘ट्विटर’ने आपल्या सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याची सूचना केली. पासवर्ड गुप्त रूपात बदलले जाण्याआधीच, जसेच्या तसे, एका अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. बाहेरून कोणी चोरी केली नव्हती. वहीनेच नको ते लिहून ठेवले होते.

डिसेंबर २०२१ मध्ये त्याहून मोठा हादरा बसला. लॉगफोरजे २ मध्ये असा दोष निघाला की नोंदल्या जाणाऱ्या मजकुरात विशिष्ट खुणेने दूरच्या सर्व्हरचा पत्ता लिहिला, तर नोंद करणारी लायब्ररी तो मजकूर नुसता लिहीत नसे, त्या पत्त्यावर जाऊन तेथील प्रोग्रॅम आणून चालवू शके. ‘माइनक्राफ्ट’ या खेळात गप्पांच्या चौकटीत एक ओळ टंकणे पुरेसे होते. या दोषाला ‘लॉगफोरशेल’ नाव पडले आणि धोक्याच्या मापावर दहापैकी दहा गुण मिळाले. महिनाभरात २.१५, २.१६, २.१७ अशा दुरुस्त्या एकामागून एक काढाव्या लागल्या. यातही चाळणीची भूमिका होती. ज्या लॉगरची पातळी ती ओळ मुळातच नाकारत होती, तेथे ती कधी लिहिली गेली नाही आणि म्हणून फुटलीही नाही. तो बचाव योगायोगाचा. त्यावर कोणी विसंबावे असा नव्हे.

या दोन्ही घटना जास्त लिहिण्याच्या आहेत. कमी लिहिण्याच्या घटना सांगता येत नाहीत, कारण त्यांचा कागद नसतो.

काल्पनिक एस.टी. प्रोग्रॅमकडेच पुन्हा पाहू. वहीत फार गर्दी होते म्हणून कोणीतरी ‘एसटी.आरक्षण.पैसे’ डीबगवरून वॉर्नवर नेले. रात्री एका प्रवाशाच्या खात्यातून पैसे गेले, तिकीट आले नाही. बँकेकडून उत्तर उशिरा आले, प्रोग्रॅमने ते ‘उत्तर नाही’ असे समजून पुढचे काम घेतले. आणि हे पाऊल डीबग दर्जाने लिहिण्याची व्यवस्था होती. तिसऱ्या दिवशी प्रवासी खिडकीवर येतो. खिडकीवरचा मनुष्य प्रामाणिकपणे सांगतो, ‘आमच्याकडे नोंद नाही.’ त्याचे म्हणणे खरे आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवले जाते की ‘नोंद नाही’ आणि ‘घडले नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. येथे प्रवाशाचे पैसे त्या दोन वाक्यांच्या मध्ये अडकले आहेत.

आणि येथेच लॉगर आणि दफ्तर यांच्यातील खरा फरक दिसतो. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड छापले गेले. तीही चाळणीच होती, आणि तिच्यावर टीका करता येते : राजकारणाचे कागद किती घेतले, शेतकऱ्याचे आणि कारागिराचे किती. पण ती चाळणी लिहून झाल्यानंतरची. न निवडलेले रुमाल पुण्याच्या पुरालेखागारात बांधलेले आहेत. आजही एखादा अभ्यासक मोडी शिकून जातो, गाठ सोडतो आणि सरदेसायांनी बाजूस ठेवलेला कागद वाचतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात या दफ्तराची पुष्कळ आबाळ झाली, कागद बाहेरही गेले. तरी जे नाहीसे झाले ते एकदा लिहिलेले तरी होते, आणि लिहिलेला कागद दुसऱ्या कोणाच्या पेटीत निघण्याची आशा असते.

लॉगरची चाळणी लिहिण्याआधीची आहे. वॉर्नवर ठेवलेल्या लॉगरकडे आलेली डीबग नोंद कोठे बाजूस पडत नाही, कोपऱ्यात साठत नाही. ती अस्तित्वातच येत नाही. जहाजावरच्या फळ्याप्रमाणे क्षणभर खडूने लिहून पुसली, असेही होत नाही. म्हणून पातळी ठरवणारी ती एक ओळ संपादकाच्या निवडीपेक्षा कठोर असते. बहुतेक ठिकाणी ती ओळ घाईत, ‘डिस्क भरत आली’ या कारणासाठी बदलली जाते. हे कारण खोटे नसते. पण हवेचा दाब लिहिणाऱ्या जहाजांवरही वहीची पाने मोजकीच होती.

जे लिहिले गेले त्याचे पुढे काय? बहुतेक यंत्रणांत फाइल मोठी झाली की नवी उघडते आणि ठरलेल्या संख्येपलीकडची जुनी फाइल पुसली जाते. २८ एप्रिल २०२२ रोजी भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने आदेश काढला : कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी कार्यालये यांनी आपल्या संगणकप्रणालींचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवावेत, तेही भारतीय अधिकारक्षेत्रात. सर्व घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवावीत, हाही त्याच आदेशाचा भाग. कीर्दीतली वेळ चुकली तर क्रमच चुकतो, हे दफ्तरदाराला सांगावे लागत नाही. पनवेलच्या डेटा सेंटरसारख्या इमारतींना हा नियम थेट लागू होतो. मात्र तो उद्याच्या तपासासाठी आहे, परवाच्या इतिहासासाठी नाही. एकशे ऐंशी दिवस म्हणजे सहा महिनेही जेमतेम.

एक गोष्ट तरी या सगळ्यातून टिकून राहते. कॉन्फिगरेशन फाइल बहुधा प्रोग्रॅमसोबतच ‘गिट’मध्ये ठेवलेली असते, आणि गिट प्रत्येक बदलाची तारीख, बदलणाऱ्याचे नाव आणि सोबत लिहिलेले कारण जपून ठेवते. धान्य गेले तरी चाळणी शिल्लक राहते, तिच्या प्रत्येक बदललेल्या भोकासह. पनवेलच्या त्या काल्पनिक आरक्षणयंत्राचा इतिहास पन्नास वर्षांनी कोणी लिहावयास घेतला, तर त्याच्या हाती प्रवाशाची नोंद लागणार नाही. त्याच्या हाती ही एक ओळ लागेल, ‘एसटी.आरक्षण.पैसे = वॉर्न’; तिच्याशेजारी तारीख आणि कारणाच्या जागी तीन शब्द : ‘लॉग फार होतात’.